आधी वही, मग गाडी

दिवाळीची सुट्टी दोन-तीन महिन्यांवर आली की आपल्या जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांतून एकच विषय निघतो. यंदा गाडी करायची आणि धम्मस्थळे पाहून यायची! कोणी म्हणतो दीक्षाभूमी, कोणी म्हणतो महू, कोणी एकदम बुद्धगयेच्याही पुढे लुंबिनीपर्यंत जाऊन पोहोचतो. चार घरांची माणसे ओट्यावर बसतात, चहा होतो, हौसेला भरते येते. दुसऱ्या दिवशी एक जण गाडीवाल्याकडे जाऊन भाडे विचारून येतो आणि बेत तिथेच मोडतो. नाहीतर त्याहून वाईट म्हणजे, कोणताही हिशेब न करता गाडी निघते आणि पाचव्या दिवशी पैसे संपतात, आठव्या दिवशी बोलणे संपते.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही कारकून माणसे. दिवसभर जमा-खर्चाच्या रकान्यांत डोके घालून बसण्याची सवय. त्यामुळे आमचे म्हणणे एवढेच की आधी वही उघडावी, गाडी मागाहून ठरवावी. परदेशात घरासारखी गाडी मिळते, तिच्यात झोपायची बाके आणि स्वयंपाकाचा ओटा असतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे महिना महिना देशभर फिरतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण तुमची-आमची कॅराव्हॅन म्हणजे सतरा सीटर ट्रॅव्हलर, मागे बांधलेल्या पिशव्या आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसण्यासाठी चाललेले पोरांचे भांडण. तेव्हा तिचाच विचार करू.

ही हौस नव्हे, हक्क आहे

सहलीवर पैसा घालणे ही चैन आहे, असे आपल्यातलेच काही जण म्हणतात. त्यांना आपल्या माणसांच्या प्रवासाचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो.

१९०१ साली छोटा भीमराव भावाभाच्यांसह साताऱ्याहून गोरेगावी वडिलांना भेटायला निघाला. अंगावर नवे कपडे, खिशात पैसे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे दिले आणि गाडीही स्वतःच हाकायची, या अटीवर ती मिळाली. रात्रभर पोरे पाण्यावाचून राहिली. बरोबर शिदोरी होती, पण घोटभर पाणी मिळाले नाही म्हणून ती खाता आली नाही. पुढे १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. नाशिकला सर्वांनी एकत्र जमायचे, औरंगाबादमार्गे जायचे, असा रीतसर बेत होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी पाण्याचा हौद भरलेला दिसला. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काहींनी हात-तोंड धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला असा ओरडा झाला, जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला, पण पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यासाठी बरोबर हत्यारबंद शिपाई दिला! हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

खिशात पैसे असूनही ज्यांना वाटेत पाणी मिळाले नाही त्यांची आपण लेकरे. आज दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता कोणालाही बंद करता येत नाही, हे संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलेले आहे. म्हणून आपली आजी ढाब्यावर सगळ्यांच्या बरोबरीने बाकावर बसून चहा पिते, मुलगी लॉजच्या वहीत आडनावासकट पूर्ण नाव लिहिते, ही साधी गोष्ट नाही.

या दोन प्रवासांत आपल्या कामाचा एक धडाही आहे. १९०१ च्या प्रवासात मुलांच्या येण्याचे पत्र रामजीबाबांना मिळालेच नव्हते. ज्या नोकराच्या हाती ते पडले तो द्यायला विसरला. १९३४ मध्ये मात्र ज्या ठिकाणी थांबायचे तिथल्या आपल्या लोकांना आधी कळवलेले होते आणि दौलताबादला ते वाट पाहत उभे होते. तेव्हा मुक्कामाच्या गावातील विहार समितीला आधी कळवा, नुसते कळवून थांबू नका, निरोप पोहोचला की नाही हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.

अकरा दिवसांत आठ स्थळे?

आता वही उघडू. नगरहून नागपूर, सारनाथ, बुद्धगया, राजगृह, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सांची, महू आणि परत नगर, असा फेरा मारला तर रस्ता सुमारे चार हजार किलोमीटरचा होतो. अकरा दिवसांत हे सगळे दाखवतो, असे सांगणारे भेटतात. चार हजाराला अकराने भागा. रोजचे ३६० किलोमीटरहून अधिक येतात. भरलेली गाडी, गावे, टोलनाके, चहापाणी धरून ताशी सरासरी ४५ च्या वर जात नाही. म्हणजे रोज आठ तास चाकावर. मग स्तूप केव्हा पाहणार? अशा सहलीत माणसे स्थळे पाहत नाहीत, स्थळांच्या पाट्या पाहतात.

हा फेरा माणसासारखा करायचा तर वीस-बावीस दिवस हवेत. नोकरदाराला तेवढी रजा नाही, मुलांना तेवढी सुट्टी नाही आणि रोजंदारीवाल्याची तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. म्हणून आमचे म्हणणे, सारनाथ-बुद्धगयेसाठी नगरहून गाडी नेण्याचा हट्ट सोडा. मनमाडहून वाराणसीला थेट रेल्वे आहेत. रात्री झोपून जा आणि पुढची गाडी तिकडेच भाड्याने घ्या. लुंबिनी नेपाळात आहे, तेव्हा प्रत्येकाजवळ निवडणूक ओळखपत्र किंवा पासपोर्ट हवा.

रस्त्याने जायचे तर पायरी पायरीने जावे. पहिली पायरी दोन दिवसांची. नगर ते छत्रपती संभाजीनगर सुमारे ११५ किलोमीटर आणि तिथून वेरूळ, अजिंठा. बाबासाहेब ज्या लेण्यांसाठी १९३४ मध्ये निघाले तीच ही लेणी. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, एवढे लक्षात ठेवा. या दोन दिवसांत कळते की कोणाला गाडी लागते, कोणाचे गुडघे दुखतात, कोण पहाटे उठत नाही आणि कोणाकोणाचे पटत नाही. हे नगरपासून शे-दीडशे किलोमीटरवर कळलेले बरे, हजार किलोमीटरवर नको.

नऊ दिवसांचा फेरा

दुसरी पायरी म्हणजे महू, सांची, नागपूर. हा फेरा सुमारे १८०० किलोमीटरचा असून नऊ दिवसांत निवांत होतो. तो असा:

पहिला दिवस : नगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे, शिरपूर. सुमारे ३०० किलोमीटर. आपल्या नगर-मनमाड रस्त्याचे वेगळे वर्णन करायला नको. उजाडताच निघावे.

दुसरा दिवस : शिरपूर ते महू, सुमारे १७५. सेंधव्याजवळचा बिजासन घाट उजेडातच उतरावा. खलघाटला नर्मदा ओलांडावी लागते, ती मुलांना दाखवा. दुपारी भीमजन्मभूमी. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले तेव्हा रामजीबाबा इथल्या छावणीत लष्करी शाळेत शिकवत होते.

तिसरा दिवस : महू, भोपाळ, सांची. सुमारे २६५.

चौथा दिवस : गाडी जवळजवळ उभी. पूर्ण दिवस सांची.

पाचवा दिवस : सांची ते बैतूल, सुमारे २२५.

सहावा दिवस : बैतूल ते नागपूर, सुमारे १८०. वाटेत मुलताईला तापीचा उगम आहे. संध्याकाळी दीक्षाभूमी.

सातवा दिवस : नागपूर. दीक्षाभूमी पुन्हा सावकाश, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि चिचोलीचे संग्रहालय. तिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत.

आठवा दिवस : नागपूरहून समृद्धी महामार्गाने मेहकर आणि तिथून लोणार. सुमारे ३२०. उल्का आदळून झालेले सरोवर मुलांना पुस्तकात वाचायला मिळते, इथे कडेला उभे राहून पाहता येते.

नववा दिवस : लोणार, जालना, संभाजीनगर, नगर. सुमारे २६०.

सांचीला पूर्ण दिवस का, असे कोणी विचारील. मोठ्या स्तूपाचा गाभा सम्राट अशोकाच्या काळचा. पण दगडी कठडे आणि फरसबंदी उभी राहिली ती बरीचशी सामान्य माणसांच्या दानातून. दगडादगडावर देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, व्यापारी आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बाईने स्वतःच्या नावाने दिलेले दान दगडावर लिहिले गेले, हे आपल्या मुलींना तिथे उभे करून सांगा. इथल्याच विहारात सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचे अवशेष आहेत. इंग्रजांनी विलायतेला नेलेले हे अवशेष परत आले आणि १९५२ साली इथे ठेवले गेले. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी भरणाऱ्या उत्सवात त्यांचे दर्शन होते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सांचीचे संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद असते.

१४ एप्रिलला महू आणि विजयादशमीला दीक्षाभूमी, हे दिवस या सहलीसाठी टाळा. त्या गर्दीची शान वेगळी, पण म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन निवांत पाहायचे तर साधा दिवस बरा.

खर्चाचे पत्रक

चार कुटुंबे, चौदा माणसे धरू. सतरा सीटरमध्ये चौदाच बसावे, उरलेली जागा सामानाला लागते. खालचे दर हिशेब कसा मांडायचा हे दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या गाडीवाल्याचा दर विचारून त्या जागी लिहा.

बाहेरगावच्या भाड्यात एक खोच असते. रोजचे किमान किलोमीटर धरले जातात, बहुधा ३००. गाडी उभी राहिली तरी ते भाडे लागतेच. म्हणजे धावणार १८००, पैसे नऊ गुणिले ३००, म्हणजे २७०० किलोमीटरचे. २४ रुपये दराने ६४,८०० झाले. म्हणून गाडीवाल्याला दुसरा हिशेबही विचारा. दिवसाचे ठरावीक भाडे आणि डिझेल आपले, असे जमते का? समजा दिवसाचे ४,००० ठरले तर नऊ दिवसांचे ३६,०००. लिटरला दहा किलोमीटर आणि ९२ रुपये भाव धरला तर १,९०० किलोमीटरचे डिझेल १७,४८० रुपयांचे. एकूण ५३,४८०. अकरा हजारांचा फरक पडला! तरीही पत्रकात आम्ही मोठाच आकडा धरतो. खर्च फुगवून धरावा आणि शिल्लक वाटून घ्यावी, हा जमाखर्चाचा जुना नियम आहे.

गाडीभाडे ६४,८००. ड्रायव्हरचा भत्ता रोज ५०० प्रमाणे ४,५००. टोल, कर, पार्किंग ९,०००. आठ मुक्काम, माणशी रात्रीला ३०० प्रमाणे ३३,६००. जेवण आणि चहा, माणशी दिवसाला ३०० प्रमाणे ३७,८००. तिकिटे आणि औषधे ३,०००. बेरीज १,५२,७००. त्यावर दहा टक्के राखीव, म्हणजे सुमारे १५,३००. एकूण १,६८,०००. चौदाने भागले तर माणशी १२,००० रुपये.

पंधरा महिने आधी सुरुवात केली तर माणशी महिन्याला ८०० होतात. बँकेत दोघांच्या सहीचे खाते काढा आणि त्यातली एक सही बाईचीच असू द्या. दर पौर्णिमेला वही सगळ्यांसमोर वाचून दाखवा. बचत गटाचे कर्ज सहलीसाठी काढू नका. ते पैसे शिलाई मशीनचे, शेळीचे, फीचे आहेत. कर्ज काढून केलेली सहल नऊ दिवसांची आणि हप्ते दोन वर्षांचे, हा व्यवहार कोणत्याही पत्रकात बसत नाही.

आता आमची एक विनंती. प्रत्येक वस्तीत एखादी एकटी म्हातारी असते. जन्मभर बांधावर, भट्टीवर, लोकांच्या दारात राबली, पण जिल्ह्याबाहेर गेली नाही. चौदातली एक सीट तिच्यासाठी ठेवा. तिचे १२,००० उरलेल्या तेरा जणांत वाटले तर माणशी ९२३ रुपये. पंधरा महिन्यांत विभागले तर महिन्याला ६२ रुपये. ही भीक नव्हे. तिच्या पिढीने उपाशी राहून पोरे शाळेत घातली म्हणून आज आपण वही घेऊन बसलो आहोत.

ड्रायव्हरही कामगार आहे

गाडी ठरवताना नंबरपाटी पिवळी आहे का ते आधी पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने चालवणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना तोंडाला फेस येतो. आरसी, फिटनेस, प्रवाशांसह विमा, पीयूसी, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, ड्रायव्हरचे लायसन्स या सगळ्यांची झेरॉक्स घरी एकाजवळ ठेवा. टायर स्वतः वाकून पाहा. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला टायर दगा देतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बस पेटून पंचवीस प्रवासी जळून गेले. मागचे दार आतून उघडते का, काच फोडायचा हातोडा कुठे आहे, हे निघण्यापूर्वी लहान मुलांनाही दाखवा.

रात्रीचा प्रवास नको म्हणजे नकोच. "मुक्कामाचा खर्च वाचतो" हा हिशेब खोटा आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. कित्येकींना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. अंधारात त्या दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. सूर्य मावळला की गाडी मुक्कामाला, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ड्रायव्हरची झोप हा आपल्या सर्वांच्या जिवाचा प्रश्न आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच मांडले. पुढे १९६१ च्या मोटार कामगार कायद्याने ड्रायव्हरचे काम दिवसाला आठ तासांचे ठरवले. आपण त्यांचे नाव घेऊन निघायचे आणि आपल्याच ड्रायव्हरला चौदा तास चालवायला लावून रात्री गाडीत झोपवायचे, हे शोभत नाही. त्याला खोलीत गादी द्या, आपल्या पंगतीत बसवा. अडचणीत ११२ हा नंबर आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सर्वांना पाठ असावेत.

सहल बाईचीही असू द्या

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. आपल्या बहुतेक सहलींत गाडीबरोबर स्टोव्ह, पातेली, पिठाचा डबा निघतो. पहाटे चारला उठून बायका पोळ्या लाटतात, पुरुष अंघोळ करून मोकळे. स्तूपापाशी पोहोचेपर्यंत ती बाई इतकी दमते की सावली शोधून बसते. घरची चूल चाकांवर ठेवून फिरवली, एवढेच तिच्यासाठी झाले. शिवाय गाडीत सिलिंडर नेणे जिवावर बेतते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ माणसे गेली. तेव्हा स्टोव्ह नाही, सिलिंडर नाही. चटणी, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, मुरमुरे घरून न्या, बाकी साधे जेवण विकत घ्या. जेवणाचे ३७,८०० पत्रकात त्यासाठीच धरले आहेत.

दर दोन तासांनी गाडी थांबली पाहिजे आणि ती स्वच्छ संडास असलेल्या पेट्रोल पंपावर. जागा मिळणार नाही या भीतीने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि परतल्यावर लघवीच्या आजाराने दवाखाना गाठतात. "मला गाडी थांबवायची आहे" हे पुरुषांसमोर बोलायला मुलींना संकोच वाटतो, म्हणून थांबे वेळापत्रकातच लिहा, कोणाला विचारावे लागू नये. पाळी आली म्हणून कोणी मागे राहणार नाही, कोणाला विहाराबाहेर बसवले जाणार नाही, हेही बैठकीत स्पष्ट बोला. विटाळ आपण नागपूरच्या त्या मैदानावर १९५६ साली सोडून आलो. तो गाडीत पुन्हा चढता कामा नये.

आणि वही मुलीच्या हाती द्या. आठवी-नववीतली मुलगी रोजचा खर्च लिहील, किलोमीटर मोजील, संध्याकाळी शिल्लक वाचून दाखवील. नऊ दिवसांत तिला जे गणित आणि भूगोल येईल ते शिकवणीच्या वर्गात येणार नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर चौदा नावे लिहा. त्यांतले पहिले नाव त्या म्हातारीचे असू द्या.

जयभीम.